जुन्या ३१५ बोअर रायफलचा चाप (ट्रिगर) जड लागतो, घरीच स्प्रिंग कापू का?

नका कापू. वडिलांच्या लायसन्सवरची ईशापूरच्या कारखान्यातली रायफल म्हणताय ना? तिची यंत्रणा ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणाची, चाप दोन टप्प्यांत चालतो. आधी सैल ओढ, मग बोटाला अडल्यासारखं लागतं आणि तिथून बार सुटतो. हा बिघाड नव्हे.

खरंच जड झाला असेल तर आधी साफसफाई करून घ्या. आमच्या बीडकडच्या शेतावरची पीकरक्षणाची बंदूक अशीच अडायची. आतून काकवीसारखं चिकट, वाळलेलं तेल निघालं. कुठलाच भाग बदलावा लागला नाही.

सिअरची, म्हणजे चाप ओढेपर्यंत आतली सुई अडवून धरणाऱ्या तुकड्याची, पकड घासून कमी केली तर बोल्ट (गोळी आत ढकलून बंद करायचा सरकता दांडा) जरा जोरात लावला तरी बार उडू शकतो. लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच द्या, आणि रायफल वडिलांनीच न्यावी.