आलू, अळू आणि बटाट्याची जागा

प्रश्न असा आलाय: "पुण्यात फराळाच्या एका दुकानात 'आलू वडी' अशी पाटी होती. माझी मुलगी परदेशात वाढलेली. तिला वाटलं बटाट्याची वडी, म्हणून घेतली तर अळूची निघाली. अळू आणि आलू मुळात एकच शब्द आहेत का? आणि 'अळूवडी' बरोबर की 'आळूवडी'?"

ही पाटी मीही पाहिली आहे, आणि एकदा नव्हे. केटररच्या यादीत पाहिली, फ्रोझन पाकिटावर पाहिली. होतं असं की कुणीतरी अळूवडी रोमन अक्षरांत टाइप करतं, तिथं ळ चा ल होतो, मग दुसरं कुणी ते हिंदीच्या सवयीनं वाचून पुन्हा देवनागरीत आणतं. ळ वाटेतच गळतो आणि कुणाला चुकचुकल्यासारखंही होत नाही. ज्या पानाच्या शिरा लाटण्यानं दाबून, वर चिंच-गुळाचं बेसन थापून, गुंडाळी करून, वाफवून आपण वडी कापतो त्या पानाचं नाव अळू. त्याला आलू म्हटलं की पदार्थच बदलतो. तुमच्या मुलीचा काही दोष नाही, पाटीनं तिला फसवलं.

शब्द मुळात एकच का? हो. पण हे 'हो' म्हणून थांबता येत नाही, कारण खरी मजा पुढे आहे.

संस्कृतात आलु किंवा आलुक म्हणजे खाण्याजोगा कंद. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पिंडालुक, शंखालुक, काष्ठालुक, रक्तालुक अशी आलुकांची रांगच लावली आहे. त्यांत बटाटा नाही आणि असणं शक्यही नव्हतं. बटाटा हे अँडीज पर्वतातलं, आजच्या पेरू-बोलिव्हियाकडचं पीक, तिथं काही हजार वर्षांपासून लावलं जाणारं. तिकडच्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'.

आता मराठीचा एक नियम पाहा. संस्कृतातल्या दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना ळ होतो. फल-फळ, काल-काळ, नील-निळा, तालु-टाळू, वालुका-वाळू. ल जिथं मुळात जोड होता तिथं तो टिकला: फुल्ल-फूल, गल्ल-गाल. या नियमानं आलुचं मराठीत आळू किंवा अळूच व्हायला हवं, आणि झालंही तसंच. 'आलू' हा ल घेऊन फिरणारा शब्द मराठीच्या तोंडून घडलेलाच नाही, तो हिंदीतून तयार होऊन आला. तेव्हा 'बटाटा परका, शुद्ध मराठी शब्द आलू' असं सांगणाऱ्यांनी आधी त्या ल कडे बघावं. माझ्या माहितीतल्या एका मंडळात हा उपदेश दर भाषादिनाला होतो आणि मला दर वर्षी तितकाच राग येतो.

हाच ळ फारसीतून आलेल्या एका शब्दालाही आपण चिकटवला आहे. जर्दाळू! फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखार ज्या जातीचा आहे ते फळ. पिवळं आलू ते जर्दाळू. मराठी जिभेला टाळू, वाळू, अळूची सवय, तिनं परक्या शब्दालाही ळ दिला. इथंच आणखी एक गैरसमज खोडून टाकतो: भाजीतला आलू फारसीतून आला असं काही जण छातीठोक लिहितात. फारसीत आलू हे झाडावरचं फळ आहे, बटाट्याला तिकडे 'सीब-जमिनी' म्हणतात, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. दोन आलूंचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बटाटा हा शब्द पोर्तुगीज 'बाताता'वरून आला हे सर्वांना ठाऊक आहे. गोव्यातल्या आसगावच्या दालगादोंनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा संग्रह १९१३ साली छापला, त्यात तो नोंदवलेला आहे. इंग्रजी पोटॅटोचा तो अपभ्रंश नाही, तो वाद संपलेला आहे. मला आवडतो तो त्याच्या मागचा टप्पा. पोर्तुगीजांनी आणि स्पॅनिशांनी हा शब्द घेतला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून, आणि ताइनोंचा बाताता म्हणजे बटाटा नव्हेच, रताळं! अँडीजमधला कंद पुढे युरोपात पोचला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटलं. इंग्रजांचंही तसंच झालं. जॉन जेरार्डच्या १५९७च्या वनस्पतिग्रंथात आपल्या बटाट्याला 'व्हर्जिनियाचा पोटॅटो' म्हटलंय, कारण नुसता पोटॅटो म्हणजे तेव्हा रताळं होतं. (व्हर्जिनियाही चूकच, पण ते असो.) म्हणूनच जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो, त्याचा पाद्री एडवर्ड टेरी यानं मुघल सरदार असफखानाच्या मेजवानीत पोटॅटो वाढल्याचं लिहिलंय, त्यावरून 'मुघल दरबारात बटाटा' असे जे लेख येतात ते मला मान्य नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज माणसाच्या त्या एका शब्दावर बटाटा सिद्ध होत नाही.

आणि आपलं रताळं? ते रक्तालुवरून आलं. पण संस्कृत रक्तालु हा कोनफळाच्या जातीचा लाल कंद. रताळं स्वतः अमेरिकेतून आलेलं. म्हणजे रताळ्यानं कोनफळाच्या भावाचं नाव घेतलं आणि रताळ्याचं स्वतःचं जन्मनाव आपण बटाट्याला देऊन टाकलं. आषाढीच्या ताटात उकडलेलं रताळं आणि बटाट्याची उपासाची भाजी शेजारी शेजारी असतात तेव्हा मला दर वेळी हे आठवतं.

आता माझं म्हणणं. मराठीनं आलू का घेतला नाही? रूढ उत्तर असं की पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर उतरले, म्हणून किनाऱ्याला बटाटा मिळाला. हे उत्तर मला अपुरं वाटतं. पोर्तुगीज बंगालमध्ये हुगळीलाही होते. बंगालीनं त्यांच्याकडून अननसाला आनारस घेतला, पपईला पेंपे घेतला, बादलीला बालति घेतला, किल्लीला चाबि घेतला. बटाट्याला मात्र आलू! का? कारण बंगालीत अळूला 'कचू' म्हणतात. आलू हे नाव तिथं रिकामं होतं. हिंदीत अळूची अरवी किंवा घुइयाँ झाली होती, तिथंही आलू मोकळा. कानडीत अळू म्हणजे केसू, म्हणून बटाट्याला आलूगड्डे म्हणायला कुणाची हरकत नव्हती. मराठीत आणि गुजरातीत तसं नव्हतं. गुजरातीत अळूच्या पानाला आजही अळवी म्हणतात, आणि बटाट्याला बटाटा किंवा बटाका. आलूच्या घरात ळ घेऊन अळू आधीच राहत होतं. नव्या कंदाला तेच नाव दिलं असतं तर बाजारात रोज घोटाळा झाला असता.

याचा पुरावा मला एका भाजीवालीनं दिला. नागपूरला मावशीकडे गेलो होतो, वड्या करायच्या म्हणून बाजारात पानं आणायला गेलो. "अळू आहे का हो?" असं विचारलं तर बाईंनी ढिगातले चार बटाटे उचलून तराजूत टाकले. मी नाही नाही म्हणत हातानं पान दाखवलं, एवढं मोठं, हिरवं, देठ काळसर. बाई म्हणाल्या, "मंग धोपा म्हना ना!" विदर्भात अळूला धोपा म्हणतात, कुठं चमकोरा म्हणतात. आणि त्याच विदर्भात बटाट्याला आलू म्हणतात, बटाटेवड्याच्या भावंडाचं नाव आलूबोंडा. भाषा तीच, मराठीच. अळूचं नाव धोपा झालं तिथं बटाट्याचं नाव आलू होऊ शकलं. 'हिंदीच्या शेजारामुळे विदर्भात आलू' हे नेहमीचं स्पष्टीकरण अर्धंच आहे. शेजारानं शब्द आणला हे खरं, पण धोप्यानं त्याला जागा करून दिली. माझं हे म्हणणं ऐकून एक जाणकार मित्र 'योगायोग' म्हणाले. बंगाली, हिंदी, कानडी आणि विदर्भ, चारही ठिकाणी योगायोग? मला पटत नाही.

राहिला अळू की आळू. नियमाप्रमाणे तालु-टाळू, वालुका-वाळू, तसंच आलु-आळू. म्हणजे आळू म्हणणारे अडाणी नाहीत, उलट जुन्या वळणाला जास्त धरून आहेत. मग अ र्‍हस्व कुठून आला? माझा अंदाज, अळवाची भाजी, अळवाचं फदफदं, अळवावरचं पाणी या रूपांतून. शब्द लांबला, जोर पुढे सरकला, आणि आधीचा आ आखडला. नातू-नातवाचा यात 'ना' तसाच राहिला, हे कुणी लगेच लिहील. पण नातवाला आपण रोज 'नातू' म्हणून हाक मारतो, मूळ रूप कानावर असतं. अळू मात्र घरात येतं ते बहुतेक अळवाचं काहीतरी होऊन. लिहिताना अळूवडी लिहा, तेच रूढ आहे. घरी आजी आळूवडी म्हणत असेल तर तिला सुधारायला जाऊ नका.

एक विनंती. जुन्या पिढीच्या तोंडून पानाला अळू आणि बटाट्याला आलू, असे दोन्ही शब्द एकाच घरात कुणी ऐकले असतील तर गावाचं नाव कळवा. वऱ्हाड आणि खानदेशाच्या सीमेवर किंवा बेळगावकडे असं एखादं गाव निघेल. निघालं तर तिथं भाजी आणायला पाठवताना पोरांना नेमकं काय सांगायचे, तेही विचारून ठेवा.