सिटकॉममधला विनोद हुशार की ढोबळ?

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो टीव्हीवरच्या सगळ्या सिटकॉम ढोबळच असतात, हुशार विनोद वगैरे काही नसतो त्यात. मला 'साराभाई वर्सेस साराभाई' खूप आवडते, मग मी चुकतेय का?

उत्तर: अजिबात नाही हो. २००४ मध्ये स्टार वनवर आलेली ही मालिका मी कितीतरी वेळा पाहिलीय आणि माझं म्हणणं असं की त्यात दोन्ही आहे. साराभाईंचा धाकटा मुलगा रोसेश, त्याच्या कविता घ्या, तो तोंड उघडतो आणि आपण हसायला लागतो, लहान पोरालाही कळेल असा तो विनोद. पण त्याची आई माया बघा ना, सुनेचं नाव मनीषा, ते तिला फार मिडल क्लास वाटतं म्हणून सरळ मोनिशा करून टाकते, आवाज न चढवता, इतक्या गोड हसत की समोरच्याला आपला अपमान झालाय हे कळायलाही वेळ लागतो, आणि मायाचं काम करणाऱ्या रत्ना पाठक शाह ते नुसत्या उच्चारातून आणि भुवईतून करतात! दक्षिण मुंबईतल्या श्रीमंतांचा तोरा त्या एका नावात आलाय. भावाला रोसेश सोडून फक्त सासू-सुनेचे सीन दाखवा, तेही शांतपणे, मोबाईल बाजूला ठेवून.