विद्यापीठातल्या समान संधी कक्षाने पहिल्या वर्षी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एका सरकारी विद्यापीठात समान संधी कक्षाचं काम नुकतंच तुमच्याकडे आलंय आणि विविधता-समावेशासाठी कुठले कार्यक्रम घ्यावेत असं विचारलंय. मी विद्यापीठाच्या एका विभागात शिकवतो, प्रवेश समितीवरही बरीच वर्षं आहे, त्यावरून सांगतो. कार्यक्रम नंतर घ्या हो, आधी पोरापोरींच्या राहण्याचं आणि पैशाचं बघा.

आरक्षणामुळे प्रवेशाच्या यादीत विविधता येतेच. नंदुरबारचा, किनवटचा, भामरागडचा मुलगा एमएला येतो, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच असतो. पण हॉस्टेलची यादी लागायला सप्टेंबर उजाडतो आणि तोवर तो कुणा गाववाल्याच्या खोलीत जमिनीवर झोपतो, पुण्यात अशा मुलांना हॉस्टेलवर सरळ पॅरासाईट म्हणतात, वॉर्डन आला की बॅग उचलून बाहेर. मेसचं डिपॉझिट भरायला पैसे नसतात म्हणून एकवेळ वडापाव. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, भरलेला असतो, पण तो कधी कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, कधी जात पडताळणीचा कागद यायचा असतो, आणि पैसे खात्यात येईपर्यंत कधी कधी वर्ष संपतं. मग दिवाळीला गावी गेलेला मुलगा परत येत नाही. रजिस्टरमध्ये नुसतं ‘गैरहजर’ लागतं, कारण कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे ज्यांनी हे काम मुळापासून केलं त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघा. शाहू महाराजांनी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या 1902 मध्ये, पण कोल्हापुरात बोर्डिंग काढायला सुरुवात केली ती त्याच्या आधी, 1901 मध्ये. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली तीही बोर्डिंगमध्येच. मुलगा शहरात टिकायचा तर त्याला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून तुमच्या कक्षाने जूनमध्येच एक टेबल टाकावं, प्रवेशाच्या खिडकीच्या अगदी शेजारी. तिथे एक माणूस असा बसवा ज्याला फ्रीशिप म्हणजे फीमाफी, स्वाधार आणि स्वयम या राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या सरकारी योजना, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर हे सगळं तोंडपाठ आहे. हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम, पण अर्जाची तारीख निघून गेल्यावर त्यांना कळतं. कमवा व शिकाचे तास पहिल्या आठवड्यातच सुरू करा आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, थकवू नका. फीमाफीला पात्र मुलाकडे फी मागून परीक्षेचा फॉर्म अडवला तर तुम्ही स्वतः उठून त्या खिडकीवर जा. एकदा गेलात की पुढच्या वेळी फोनवर काम होतं.

अपंग विद्यार्थ्यांचं तर साधं साधं अडतं. 2016 च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठी किमान 5 टक्के जागा आहेत, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल तर त्या जागेचा उपयोग काय? अंध मुलीला लेखनिक परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधायला लावू नका, लेखनिकांची यादी कक्षाकडे तयार हवी आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो हे पर्यवेक्षकाला आधीच लेखी कळवा, नाहीतर भर परीक्षेत ती वाद घालत बसते आणि तेवढी मिनिटं गेली ती गेलीच.

भाषेचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेली पोरं सेमिनारला गप्प बसतात आणि शिक्षक समजतात यांना विषयच येत नाही. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरला प्रश्न मराठीत विचारायची मोकळीक दिली तर मागच्या बाकावरून इतके नेमके प्रश्न आले की मलाच तयारी वाढवावी लागली.

आणि भेदभाव. यूजीसीने 2012 मध्येच नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी दोन्ही नेमायला सांगितलं. तरीही आत्महत्या केलेले हैदराबादचा विद्यार्थी रोहित वेमुला आणि मुंबईची डॉक्टर पायल तडवी यांच्या आयांना 2019 मध्ये सुप्रीम कोर्टात जावं लागलं, ते नियम नीट पाळले जावेत म्हणून. ही गोष्ट मला फार लागते. तुमच्याकडे त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर हॉस्टेलच्या फळ्यावर आहे का, आज जाऊन बघा. ‘तू कुठल्या कॅटेगरीतून आलास’ हे पहिल्याच दिवशी चारचौघांत विचारणारे फक्त विद्यार्थी नसतात, शिक्षकही असतात, त्यांच्याशी बोलायची जबाबदारी विभागप्रमुखावर टाका आणि बोललात का म्हणून नंतर विचारा.

एक काम मात्र लगेच करा. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांची यादी आणि पहिल्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरलेल्यांची यादी शेजारी शेजारी ठेवा, मध्ये जी नावं गळाली त्यांना फोन करा. नंबर प्रवेश अर्जावर असतो, बऱ्याचदा वडिलांचा, म्हणून संध्याकाळी सातनंतर करा, तोवर ते शेतातून आलेले असतात. त्यातली काही मुलं पुढच्या जूनला परत येतील, त्यांच्यासाठी पुनर्प्रवेशाचा फॉर्म आत्ताच तयार ठेवा.