ड्रायव्हर उतरला, की त्याची कामं कोण करणार?

पुणे, रविवार रात्री

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला, पेढेही पोचले. विनाचालक गाड्यांच्या टीममध्ये निवड झाली आणि काम काय, तर गाडी सगळ्यांना वापरता यावी हे बघणं! पहिल्या महिन्यात काय वाचू, असं तू विचारलंस. वाचायचं नंतर बघू. आधी माझ्या मावशीच्या रिक्षावाल्याबद्दल ऐक.

मावशीला काचबिंदू. सत्तरीनंतर उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. दर गुरुवारी दत्ताला जायची, नाक्यावरचा एक रिक्षावाला न्यायचा. हा पठ्ठ्या रस्त्यावरून हॉर्न मारत नसे. फाटकाशी येऊन म्हणायचा, ‘आजी, आलो.’ मग तिचा हात आपल्या कोपरावर घ्यायचा, पायऱ्या मोजत खाली आणायचा. देवळापुढे खणलेलं असलं की पलीकडून वळसा घालून, थेट कट्ट्याला लावून उतरवायचा. सुटे पैसे तळहातावर एकेक नाणं ठेवत मोजून द्यायचा. यात गाडी चालवणं कितीसं? तेवढं तुमची गाडी करेल, माझी शंका नाही. बाकीचं कोणाच्या अंगावर टाकायचं, ते ठरवायला तुला घेतलंय.

२०१५ मध्ये ऑस्टिनला स्टीव्ह महान नावाचे अंध गृहस्थ गूगलच्या गाडीतून एकटे फिरले. स्टिअरिंग नाही, पेडल नाही, सोबत कुणी नाही. त्या फेरीचं मोल मी कमी करत नाही. पण गाडी दहा पावलं पुढे जाऊन थांबली, तर न दिसणाऱ्या माणसाच्या हिशेबी ती आलेलीच नसते. व्हीलचेअरचंही तेच. ती चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाशी आवळावी लागते आणि ते आज ड्रायव्हर किंवा मदतनीस वाकून करतो. असल्या कामांसाठी सेन्सर नसतो, म्हणून ती मीटिंगमध्ये कुणाला आठवत नाहीत.

आता टोकियो. हे मात्र नीट वाच. २६ ऑगस्ट २०२१, पॅरालिम्पिकचं क्रीडाग्राम. टोयोटाची ई-पॅलेट ही स्वयंचलित बस खेळाडूंची ने-आण करत होती. वळणावर तिची धडक एका जपानी ज्युदोपटूला बसली. त्याला नीट दिसत नव्हतं. जखम मोठी नव्हती, पण त्याचा सामना हुकला. बसमध्ये ऑपरेटर होते. समोर माणूस आहे हे त्यांना कळलं होतं, पण बस येतेय हे ओळखून तो थांबेल असं वाटलं, असं सांगण्यात आलं. कुठे? तर पॅरालिम्पिकमध्ये! टोयोटाच्या प्रमुखांनी माफी मागितली, फेऱ्या काही दिवस थांबल्या. पुन्हा सुरू करताना बसचा इशाऱ्याचा आवाज वाढवला आणि चौकात जास्त माणसं उभी केली. म्हणजे उपाय शेवटी कानाचा आणि माणसाचाच निघाला. चूक यंत्राची की माणसाची, यावर तुमच्याकडे तासन् तास चर्चा होईल. मला त्यातलं ‘तो थांबेल’ हे गृहीत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या प्रत्येक डिझाइनमध्ये असा एक ‘तो’ असतो: ज्याला दिसतं, ऐकू येतं, ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि कार्ड असतं आणि जो रस्ता झेब्रावरूनच ओलांडतो. तो कोण, हे आधी कागदावर लिही.

जपानमध्येच एइहेइजी गावात मे २०२३ पासून ड्रायव्हरशिवायच्या छोट्या गाड्या जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवरून जेमतेम १२ किमी वेगाने चालतात. म्हातारी माणसं फार, बस चालवायला तरुण कमी, अशी तिथली अडचण. कमी वेग, आखलेली वाट, गावाच्या मापाचं काम. मला आवडलं. तिथेही ऑक्टोबरात गाडी एका उभ्या सायकलला घासली. स्वार असलेली सायकल तिला ओळखता येत होती; नुसती उभी केलेली शिकवायची राहून गेली होती. फेऱ्या काही महिने बंद होत्या.

आपल्याकडे तर काय काय शिकवायचं राहील! हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरची सुमारे १० हजार चित्रं ३४ प्रकारांत खुणा करून सगळ्यांसाठी खुली केली. रिक्षा आणि जनावरं त्यात वेगळी नोंदवली आहेत. पहिल्या आठवड्यात ती चाळ. पण चित्रात हात दाखवून गाडी थांबवणारी आजी दिसली, तरी तिच्या त्या हाताचा अर्थ चित्रात नसतो. ‘थांब, मी निघालेय’ हे आपल्याला कळतं, कारण आपणही तसंच ओलांडतो.

भाषेचं एक सांगतो, कारण तिथे तुम्ही सगळे मराठी आवाज भरून खूश व्हाल. मावशीने पत्ता कधीच घर नंबराने सांगितला नाही. ‘पिठाच्या गिरणीच्या अलीकडे, जिथं पूर्वी पिंपळ होता तिथं.’ पिंपळ पडून वीस वर्षं झालेली! वेळ सांगायची ती ‘पावणेपाचाच्या आत-बाहेर’. शुद्ध मराठीत बोलणारी गाडी हे ऐकून गप्प बसली, तर तिचं मराठी काय कामाचं? आणि सांगलीकडच्या, मालवणच्या, चंद्रपूरच्या माणसांकडून तपासून घे. कोथरूडच्या चार मित्रांचे आवाज म्हणजे मराठी नव्हे.

एक भांडण तुला करावंच लागेल. चाचणीला अंध किंवा व्हीलचेअरवरचा माणूस गाडी तयार झाल्यावर बोलावतात, फोटो काढतात. मीही एका कारखान्यात हेच केलं. दरवाजाची कडी हाती न लागल्याने एक बाई उन्हात उभ्या राहिल्या आणि आम्ही लांबून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत होतो. तोवर साचे तयार होते, कडी हलवायला कुणी तयार नव्हतं. तू त्यांना साच्याच्या आधी बोलाव आणि मानधन दे. सल्ला फुकट मागू नकोस.

रुजू व्हायच्या आधी एक गुरुवार मोकळा काढ. मावशी नाही आता, पण तो रिक्षावाला अजून नाक्यावर असतो. सकाळी नवाच्या आत ये, नंतर तो शाळेच्या मुलांत अडकतो. दिवसभर त्याच्या शेजारी बस, वही घेऊन. भाडं माझ्याकडून.

तुझे
सर