दहावी-अकरावीच्या मुलांना सुट्टीत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवावं का? करिअरसाठी त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावी देऊन अकरावीला गेली आहे, कॉलेज तिला तीन आठवडे एका वर्कशॉपमध्ये पाठवणार आहे, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं आहे की 'शिकायच्या वयात कामाला कशाला लावायचं?' हेच वाक्य माझ्या मोठ्या काकांनी २००५ साली आमच्या ओसरीवर बसून माझ्या आईला ऐकवलं होतं. म्हणून उत्तर लिहायला बसले.

पाठवा. पण एक गोष्ट विचारून मगच पाठवा. ती पुढे सांगते.

मी एमसीव्हीसीची, म्हणजे अकरावी-बारावीच्या किमान कौशल्य व्यवसाय अभ्यासक्रमाची. विषय इलेक्ट्रिकल. दहावीला मला ६८ टक्के होते, सायन्स सहज मिळालं असतं, तरी मी हे घेतलं. नात्यात सगळ्यांनी धरून चालले की पोरीला कुठे प्रवेश मिळाला नाही. अकरावी संपल्यावर कॉलेजने सहा आठवडे एका मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायच्या, दुकानात घातलं. काका म्हणाले, "मुलीची जात, आणि ऑइल-ग्रीसमध्ये बसवताय? कामालाच लावायचं होतं तर शाळेत कशाला घातलं?" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझा डबा भरला.

पहिले दोन आठवडे मी झाडू मारला, चहा आणला, जळक्या मोटरींवरची धूळ पुसली. मिस्त्री वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे गिऱ्हाइकाची घाई होती, आणि सहा आठवड्यांनी निघून जाणाऱ्या पोरीला शिकवून त्याला काय मिळणार होतं? कॉलेजने आम्हाला एक डायरी दिली होती. रोज तीन रकाने भरायचे: काय पाहिलं, काय केलं, काय कळलं नाही. मी 'काय केलं' मध्ये खरंखुरं लिहीत गेले. झाडलं. चहा आणला. झाडलं.

तिसऱ्या गुरुवारी आमचे सर त्यांच्या एम-एटी दुचाकीवरून आले. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी डायरी पहिल्या पानापासून वाचली. मला एक शब्द विचारला नाही. आत जाऊन मिस्त्रींना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मी येईन तेव्हा हिने एक स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, तारांची गुंडाळी असलेला भाग) स्वतः उघडलेला असला पाहिजे. बिघडला तर तारेचे पैसे कॉलेज भरेल." एवढंच. चहा पिऊन गेले.

माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन वाक्यांवर उभं आहे, असं मी मनापासून मानते.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे पाच एचपीची थ्री फेज मोटर आली. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, एका बाजूने छिन्नीने कापायचं, दुसऱ्या बाजूने ओढून काढायचं, आणि जुनं काहीही फेकायच्या आधी सगळं लिहून घ्यायचं. कॉइल किती खाचा सोडून बसली आहे, तारेचा गेज किती (तारेवरचा इनॅमलचा थर खरवडून मग मायक्रोमीटर लावायचा, नाहीतर माप चुकतं), आणि एका कॉइलला फेऱ्या किती. जळालेल्या कॉइलच्या तारा एकमेकींना चिकटून काळा गोळा झालेला असतो. मी मोजल्या, ४६ भरल्या. नवी वाइंडिंग भरली, खाचांत पेपर घातला, वरून बांबूच्या पट्ट्या ठोकल्या. बोटांची सालं निघाली होती.

व्हार्निश करायच्या आधी मिस्त्रीने मोटर जोडून मोकळी फिरवली आणि करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला. जिथे साडेतीन-चार अँपिअर यायला हवे होते तिथे काटा सहाच्या पुढे गेला. मोटर गुरगुरत होती. त्याने स्विच पाडला, कोपऱ्यातल्या भंगारातून जुनी कॉइल उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मोज." ५२ निघाल्या. मी सहा फेऱ्या खाल्ल्या होत्या. सगळी तार कापून पुन्हा भरायला मला अडीच दिवस लागले.

गुरुवारी सरांनी डायरी वाचली आणि विचारलं, "फेऱ्या कमी पडल्या तर तार कमी लागली, मग करंट जास्त का घेतला?" मला येईना. त्यांनी पुस्तक उघडायला लावलं. फेऱ्या कमी म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, जास्त लागतो, लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेईनासं होतं) आणि मोटर मोकळी असूनही करंट ओढत राहते. वर्षभर वर्गात घोकलेलं हे वाक्य मला त्या दिवशी, सोललेल्या बोटांनी, कळलं.

तर विचारायचं ते हे: कॉलेजमधलं कोण, आठवड्यातून किती वेळा, तिथे प्रत्यक्ष येणार आहे? आणि मुलीने लिहिलेलं कोण वाचणार आहे? उत्तर 'शेवटी सर्टिफिकेट मिळेल' असं आलं तर पाठवू नका. ते फुकटचं मनुष्यबळ आहे. देखरेख म्हणजे हजेरीच्या सह्या नव्हेत. मालकाला 'या आठवड्यात हिला काय शिकवलंत?' असं विचारायचा अधिकार असलेला एक माणूस लागतो.

आपल्याकडे ही कल्पना काही आज आलेली नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा असं सांगितलं. त्याचं आपण काय केलं? घोटीव कागदाची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, तेही अर्ध्या घरांत आई करून देणार. १९८८ मध्ये केंद्राने अकरावी-बारावीच्या पातळीवर व्यवसाय शिक्षणाची योजना आणली, त्यावर आमच्यासारखी पोरं शिकली, आणि समाजाने तिला नापासांचा कोर्स म्हणून ठेवून दिलं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायचं लिहिलं आहे. चांगलंच आहे. पण त्या दहा दिवसांत शिक्षक बरोबर बसून प्रश्न विचारणार नसेल तर ती सहल होईल.

नीट झालेलं बघायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. तिथली मुलं गावातली खरी कामं करतात, वेल्डिंगपासून शेतीपर्यंत, आणि काम चुकलं तर कुणाचं तरी खरंच अडतं. त्या अडण्यातच शिक्षण आहे.

काकांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला सायन्सला घातलं, दोन वर्षं क्लास, मग इंजिनिअरिंग. हुशार आहे, माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला वरिष्ठाने 'हे का बिघडलं ते शोध' म्हटल्यावर तो रात्री मला फोन करून रडला होता, कारण बावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचंही काहीही बिघडलेलं नव्हतं. मी सोळाव्या वर्षी बिघडवून मोकळी झाले होते. बारावीनंतर मी अप्रेंटिस कायद्यातली एक वर्षाची टेक्निशियन अप्रेंटिसशिप केली, स्टायपेंड मिळाला, मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला गेले. आमच्या मार्गाला शिक्षण पुढे बंद होतं असं काका अजून म्हणतात, ते चूक आहे. आज मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पाच मुलं माझ्या हाताखाली शिकतात, आणि दर शुक्रवारी मी त्यांच्या डायऱ्या वाचते.

काकांचं एक मात्र मान्य करायला हवं. पहिले दोन आठवडे ते बरोबर होते. मी कामालाच लागले होते. सर आले नसते तर सहाही आठवडे तसेच गेले असते, आणि माझ्या वर्गातल्या दोघींचे तसेच गेले, कारण त्यांची दुकानं सरांच्या रस्त्यावर नव्हती. त्यांनी इलेक्ट्रिकल सोडलं.

आणि वयाचं बघा. अप्रेंटिस कायद्यात किमान वय १४ आहे, पण धोकादायक उद्योगांत १८. मुलगी सोळाची असेल तर प्रेस, भट्टी, केमिकल असलं काही तिथे आहे का ते आधी स्वतः जाऊन पाहा. नुसतं कॉलेजच्या पत्रावर जाऊ नका. पगार मिळेल की नाही हे मी विचारणार नाही, तीन आठवड्यांत ती मालकाचं नुकसानच करेल. करू द्या.

वही मात्र तुम्ही घेऊन द्या, तीन रकान्यांची. वेणी घट्ट बांधून, ओढणी घरी ठेवून, सुती कपडे आणि बंद बूट. हातात बांगडी-अंगठी नको. माझ्या आईने पहिल्या दिवशी डब्याबरोबर माझी बांगडी काढून घेतली होती, तिला हे कुणी सांगितलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.