सूर्य काय आपल्याला विचारून उगवतो?

प्रश्न : ताई, माझं माहेर नागपूर आणि सासर ठाणे. लग्नाला चार वर्षं झाली तरी इथल्या सकाळीशी माझं जमत नाही. नागपूरला जूनमध्ये साडेपाचलाच सूर्य वर, बाबांसोबत फिरून आलं तरी सहा वाजलेले नसायचे, आणि इथे जानेवारीत सात वाजले तरी ऊन नाही! नवरा म्हणतो ऑफिसातून आल्यावर जरा उजेड दिसला की बास, सकाळचं कौतुक रिटायर लोकांना. यावरून रोज चहाला आमची जुंपते. आणि एक सांगा, सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला ना, मग जानेवारीत सकाळ आणखी उशिरा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नवऱ्याला उगाच बोल लावू नका, अर्धी चूक घड्याळाची आहे. आपल्या सगळ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नागपूरला तो ठाण्याच्या चोवीस-पंचवीस मिनिटं आधी पोचतो. मुंबईकरांनी हे फारसं मनावर घेतलं नव्हतं बरं का, १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी शहरात ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता. तो राहिला असता तर तुमच्या ठाण्यातही जूनमध्ये साडेपाचच्या आत ऊन आलं असतं, पण मग नवऱ्याची संध्याकाळ गेली असती, भांडण तिथेच.

आता जानेवारीचं. दिवस लहान-मोठा होणं वेगळं आणि सूर्य बरोब्बर डोक्यावर यायची वेळ सरकणं वेगळं, या दोन गोष्टी एकदम चालू असतात. मुंबईत सूर्य नोव्हेंबरच्या सुरवातीला दुपारी १२:२२ ला माथ्यावर असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३ ला! पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असल्याने जरा जोरात पळते, म्हणून ही माध्यान्ह डिसेंबरात रोज जवळजवळ अर्धा मिनिट पुढे जाते आणि सकाळ-संध्याकाळ दोघींना सोबत ओढत नेते. त्यामुळे सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटीच होऊन जातो, सहाच्या आसपास, आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय येतो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातला. म्हणजे ऐन संक्रांतीला! आजी म्हणायची संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो, मी कॉलेजात भूगोल शिकून तिला सुनावलं होतं की दिवस तर बावीस डिसेंबरपासूनच वाढतो. आता वाटतं सकाळपुरती आजी बरोबर होती, पहाटे उठणारी बाई ती.

आवडीचं म्हणाल तर मी तुमच्या पार्टीतली. पुण्यात आमची गॅलरी पूर्वेला, समोरच्या बिल्डिंगवर काळी पाण्याची टाकी, जूनमध्ये सूर्य तिच्या बराच डावीकडून निघतो आणि डिसेंबरात पार उजवीकडून, आणि तेव्हा ऊन तिरकं आत येऊन ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचतं, हळद अशी चमकते की फोडणी करपते माझी. तरीही मला विचाराल तर मे महिना. सहाला सूर्योदय, साडेपाचपासून दिसायला लागतं, पर्वती चढून उतरून ऊन तापायच्या आत घरी. नवरोबांना सांगा की त्यांचा तो सगळ्यात उशिराचा सूर्यास्त, सव्वासातच्या पुढचा, येतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा आपल्याकडे ढगांनी सूर्य दिसेल तर शपथ! त्यापेक्षा मार्चमध्ये पावणेसातला तलावपाळीवर घेऊन जा त्यांना.

मुलं झाली की मात्र मत बदलेल हं. जानेवारीत साडेसहाला अंधारात पेंगणारं पोर व्हॅनमध्ये कोंबताना मीसुद्धा सूर्याला शिव्या घातल्यात. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, आमची तोवर कॉलेजला गेलेली.

प्रश्न : ॲपवर सूर्योदय ६:३५ दाखवतं, आमच्या गावी ऊन यायला साडेसात. ॲप खोटं का? – एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : ॲप बिचारं सपाट जमीन धरून चालतं, तुमच्या पूर्वेला अख्खा सह्याद्री उभा आहे. तो चढून यायला सूर्यालाही वेळ लागणारच. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन ताडून बघा, समुद्रावर मिनिटाचाही फरक पडायचा नाही.

प्रश्न : आम्ही लंडनला असतो. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर, पाच वर्षांची लेक म्हणते उजेड आहे, मी नाही झोपणार. डिसेंबरात चारच्या आत काळोख. सासूबाई फोनवर विचारतात, दिवेलागणीला शुभंकरोति म्हणता ना? काय सांगू? – एक आई

उत्तर : खरं ते सांगा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणजे लेकीच्या हट्टातला एक तास सरकारी आहे, उरलेला सूर्याचा. जाड काळे पडदे लावा आणि उन्हाळ्यात दिवेलागण जेवणाच्या ताटाशी बांधून टाका, साडेसहाला दिवा, मग वरणभात, मग अंथरूण, बाहेर काय चाललंय ते बघायचंच नाही. डिसेंबरात मात्र शाळेतून आल्या आल्या बूट काढले की म्हणा. तुमच्याकडे चार वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ, सासूबाईंची मालिका संपलेली असेल, त्याही फोनवर सोबत म्हणतील.