गोव्यात मासेमारीसाठी फ्लाय (गळावर केस, पिसं बांधून केलेलं नकली आमिष) स्वतः बांधायला सुरुवात कशी करायची?

मांडवी, झुआरीच्या खाडीत चोणक किंवा तांबोशीसाठी बांधणार असाल तर एकच पॅटर्न धरा, क्लाउझर मिनो, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी जड डोळ्यांची फ्लाय. ट्राउटच्या बारीक फ्लायच्या मागे आत्ता लागू नका. गळ घट्ट धरणारा व्हाइस (छोटा शिकंजा), धाग्याचं रीळ धरणारं बॉबिन, धारदार कात्री, 210 डेनियर जाडीचा धागा आणि 1/0 मापाचे स्टेनलेस गळ घ्या, साधे गळ खाऱ्या पाण्यात गंजतात. बाकी या पॅटर्नला पिसं नाही, लांब केस लागतात, कृत्रिम घेतले की झालं.

आता मुख्य गोष्ट म्हणजे डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचे धातूचे जड डोळे), ते गळाच्या दांड्यावर वरच्या बाजूला, नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश मागे ठेवायचे आणि आडवेतिडवे इंग्रजी आठसारखे फेरे घट्ट मारायचे, वर सुपरग्लूचा थेंब, नाहीतर डोळे फिरतातच. त्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि खारफुटीच्या मुळांत, कालवांच्या खडकांत कमी अडकतो, म्हणून आपल्याकडे हाच बरा. केस थोडेच घ्या हो, जाड झुबका पाण्यात हलतच नाही! नेढ्याजवळ गाठीपुरती जागा मात्र सोडा. पहिले पाच-सहा एकाच मापाचे बांधा, रंग नंतर बदला.